खेळात टाकलेलं वय

मी मोहर्लीच्या गेटवर जंगल सफारीची गाइड आहे. सफारीत मोबाईल नेता येत नाही, म्हणून माझा फोन घरी, अकरा वर्षांच्या मुलीपाशी राहतो. तिचे बाबा खाणीत शिफ्टवर असतात. दुपारची फेरी संपून मी येईपर्यंत ती एकटीच असते. तिला करमावं म्हणून फोनवर एक खेळ मीच टाकून दिला होता.

तिचं खरं वय टाकलं की खेळ घडोघडी पालकाची परवानगी मागायचा. मी जंगलात, परवानगी देणार कोण? एका रविवारी मी नवीन खातं उघडलं आणि त्यात स्वतःची जन्मतारीख टाकली. कटकट मिटली.

या उन्हाळ्यात एकदा सफारीची जिप्सी बिघडली आणि मी लवकर परतले. दारात चप्पल काढताना फोनमधून माणसाचा आवाज आला. "मम्मी जंगल से कितने बजे लौटती है?"

मुलगी म्हणाली, "सहा-साडेसहाले."

मी फोन हिसकावला, बंद केला आणि तिच्या थोबाडीत मारली. तो खेळातल्या तिच्या टीममधला होता म्हणे. "तो मले रोज जितवते," ती रडत म्हणाली. त्याने फोटो मागितला होता. तिने शाळेच्या ड्रेसमधला पाठवला होता, आमच्या दारात उभी असतानाचा.

गेटवरची माझी जोडीदारीण शेजारीच राहते, तिला फोनमधलं कळतं. तिला बोलावलं. तिने त्याचे सगळे मेसेज जपून ठेवले, मग त्याला ब्लॉक केलं. नंतर सेटिंग पाहून थांबली.

"ताई, इथी वय चव्वेचाळीस आहे. लहान पोरीचं वय असतं तर अनोळखी माणसाले बोलताच आलं नसतं. कोणी टाकलं हे?"

"पोरीनंच टाकलं असन," मी म्हणाले.

मुलीने एकदा माझ्याकडे पाहिलं. जोडीदारीण तिला समजावू लागली, की खोटं वय टाकणं किती महागात पडतं. मुलगी मान खाली घालून ऐकत होती.

"चुकलं, मावशी," ती म्हणाली.

मी चहा टाकायला उठले.

त्या माणसाला आमचं दार माहीत झालं होतं, मी कधी घरी नसते तेही. तक्रार करणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी फेरी सोडून आम्ही तिघी पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या मॅडमनी मुलीला जवळ बसवून विचारलं, खातं कोणी उघडलं? ती म्हणाली, "मीच उघ..."

"मी उघडलं," मी म्हणाले. "वयही मीच टाकलं. काल खोटं बोलली मी."

मॅडमनी लिहून घेतलं. जोडीदारीण खिडकीबाहेर पाहत राहिली.

परतताना मुलगी स्कूटीवर माझ्या मागे होती. वाटेत ती म्हणाली, "मंग तू मले काऊन मारलं?"

मी गाडी चालवत राहिले.