एकशे सतरा वर्षांचे रक्तदाते

माझ्या काकांनी आयुष्यात एकच वस्तू तयार केली, आणि तिच्यावर घर चालवलं. रक्तपेढ्यांसाठी दात्यांची माहिती ठेवणारं सॉफ्टवेअर. रक्तगट टाकला की आज कोणाला बोलावता येईल, ती नावं समोर. कागद उडतात म्हणून पंखा बंद ठेवून, मागच्या खोलीत घामाघूम होत त्यांनी ते लिहिलं. विकलं स्वतः, बिघडलं की धावलेही स्वतः. फोन मी घ्यायचे. काकू म्हणायची, "या माणसाने माझ्यापेक्षा त्या यंत्राची मर्जी जास्त सांभाळली." खोटं नव्हतं.

मग एका मोठ्या कंपनीने तेच सॉफ्टवेअर नाव आणि रंग बदलून बाजारात आणलं. आमची गिऱ्हाइकं एकेक करून तिकडे सरकू लागली. काकांनी कोडचे कागद रीतसर नोंदवून कॉपीराइट घेतलेला होता, म्हणून आम्ही कोर्टात गेलो.

कंपनीचा वकील मोठा गोड हसायचा. माझं डोकंच फिरायचं. "नाव, रक्तगट, फोन नंबर," तो म्हणाला. "यात यांच्या मालकीचं काय आहे? दात्यांची यादी कोणीही अशीच करेल."

"यादीची कल्पना कोणाचीच नसते, मान्य," आमच्या वकीलबाई म्हणाल्या. "पण ती चालवायला जे लिहिलं, ते लिखाण लिहिणाऱ्याचं. तुम्ही तेच उचललंत."

हे सिद्ध करणं सोपं नव्हतं. चोरांनी ओळी वरखाली करून ठेवल्या होत्या. शेवटी न्यायाधीशांनी एक तज्ज्ञ नेमला. पुढच्या तारखेला तो उभा राहिला.

"दोन्ही सॉफ्टवेअर एकाच जागी चुकतात," तो म्हणाला. "दाता एकोणतीस फेब्रुवारीला जन्मलेला असेल, तर ज्या वर्षी ती तारीख येत नाही, त्या वर्षी दोन्ही त्याचं वय एकशे सतरा धरतात आणि त्याला यादीतून गाळतात. चूक दोघांचीही होऊ शकते. पण दोघांचंही एकशे सतराच कसं?"

कोर्टात हशा पिकला. मीही हसले. मग काकांचा पांढराफटक चेहरा दिसला. त्यांना ही चूक त्या क्षणी पहिल्यांदा कळत होती.

वकीलबाई कुजबुजल्या, "जिंकलो! फक्त सांगा, आकडा तुमचा आहे."

जिंकलो होतोच. पण मागच्या बाकांवर आमच्याच रक्तपेढ्यांची माणसं साक्षीसाठी बसली होती. काकांचं सॉफ्टवेअर कोणाला विसरत नाही, या भरवशावर ती आमच्याकडे टिकून होती. आकडा आपला म्हणायचं, तर चूकही पदरात घ्यायला हवी होती.

काका उठले. "आकडा माझा आहे, साहेब. चाचणीसाठी घातला होता, काढायचा राहून गेला. चूक माझी."

गोड वकिलाला आयतीच संधी मिळाली. "म्हणजे तुमच्यामुळे कित्येकांना वेळेवर रक्त मिळालं नसेल?"

"असेल," काका म्हणाले. "कोणाला, ते मला कधीच कळणार नाही."

निकाल पुढे आमच्या बाजूने लागला. त्या दिवशी मात्र बाहेर येताच व्हरांड्यातल्या बाकावर बसून त्यांनी एकेका रक्तपेढीला फोन लावायला सुरुवात केली. आमच्या संपल्यावर कंपनीकडे गेलेल्यांना.

"त्यांना कशाला?" मी चिडले.

"ते सॉफ्टवेअर माझंच आहे, हेच सांगायला आलो होतो ना इथे?"

मी पुढचा नंबर शोधून दिला.

एका रक्तपेढीतल्या ताईंनी फोन चालू ठेवूनच जन्मतारखेने शोधलं. "एकच निघतोय. ओ निगेटिव्ह. अहो, हा तर आमच्या गल्लीतला सुतार! एकदा रक्त दिलं होतं त्याने. नंतर सारखा विचारायचा, ताई, मला का बोलावत नाही, माझ्या रक्तात काही वाईट निघालं का? आता विचारत नाही."

काकांनी त्याचा नंबर मागून घेतला आणि लगेच लावला. पलीकडून "हॅलो, कोण?" असं दोनदा ऐकू आलं. "तुमच्या रक्तात काही वाईट नव्हतं," काका म्हणाले. "चूक माझी होती."