नावं येईपर्यंत

जगात जे जे काही सुरू होतं, त्याची समीक्षा झालीच पाहिजे आणि ती आपणच केली पाहिजे, अशी माझ्या बायकोच्या मामांची पक्की समजूत आहे. पूर्वी कधीतरी ते एका साप्ताहिकात नाटकांवर लिहीत. ते साप्ताहिक बंद पडलं. मामा पडले नाहीत. नाटकं कमी झाली तशी त्यांनी लग्नं, मुंजी, वास्तुशांती हाताशी धरली. समारंभानंतर चौथ्या दिवशी यजमानाच्या दारात मामांचं पोस्टकार्ड पडलंच म्हणून समजा. आमच्या लग्नाचं कार्ड हिनं अजून जपून ठेवलं आहे. 'मसालेभात आशयघन. दुसरी पंगत ही पहिलीची फिकी पुनरावृत्ती. वर पहिल्या अंकात गोंधळलेला वाटला, पुढे सुधारावा.' लग्नाला तेवीस वर्षं झाली, तरी ही अधूनमधून ते कार्ड काढून सुधारणा कुठवर आली ते पाहते.

मामांचा दुसरा नियम म्हणजे कुठलाही कार्यक्रम संपायच्या आत उठायचं. 'टाळ्यांच्या आवाजात माणसाचं मत फिरतं,' असं त्यांचं म्हणणं. हल्ली अक्षता पडल्या की लोक टाळ्या वाजवतात, म्हणून शेवटच्या मंगलाष्टकाला मामा मांडवाबाहेर चपला शोधत असतात. स्वतःच्या सत्कारातूनही ते असेच उठून आले होते. शाल नंतर कोणीतरी घरी आणून दिली. तिच्यावरही कार्ड गेलं.

अशा माणसाच्या पोटी केतकी जन्मली आणि शिकून-सवरून एका व्हिडिओ गेम करणाऱ्या कंपनीत लागली. परदेशातल्या मोठ्या गेमचं थोडं थोडं काम तिथे यायचं. केतकीकडे भिंती होत्या. नायक ज्या पडक्या देवळांवर आणि किल्ल्यांवर चढतो, त्यांच्या भिंतींना ओल आणायची, शेवाळ चढवायचं. हे ऐकून मामा म्हणाले, "आपल्या सोसायटीत ही सोय बिल्डरनं फुकट दिली आहे."

केतकी हसली, पण मला माहीत होतं, तिला आतून लागलं होतं. शाळेतल्या स्नेहसंमेलनापासून ती वडिलांच्या एका बऱ्या शब्दाची वाट पाहत होती. आजवर तिला आलेल्या सर्वांत उदार कार्डावर 'आवाज ऐकू येतो' एवढंच होतं.

मग तो गेम बाजारात आला. गाजलेल्या गेमचा हा दुसरा भाग. बुडालेलं नगर शोधणारा तोच नायक, तेच त्याचं लटकणं. परदेशातल्या परीक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं. केतकीनं ती परीक्षणं छापून आणली आणि मामा लाल पेन घेऊन बसले. 'दृश्यं थेट सिनेमाच्या तोडीची' याखाली रेघ मारून त्यांनी लिहिलं, 'मग सिनेमाच का नाही?' एकानं दहापैकी नऊ गुण दिले होते, तर म्हणाले, "एक गुण कुठे गेला ते सांगत नाही. हा परीक्षक नव्हे, पेपर तपासणारा." एकानं मात्र 'कथेत नवं काही नाही' असं म्हटलं होतं. त्याच्यावर ते खूश झाले. "पहिला भाग लेखकाला काही सांगायचं असतं म्हणून होतो, दुसरा निर्मात्याला हवा असतो म्हणून. पण पाहिल्याशिवाय मी लिहिणार नाही. केतकी, लाव."

कोथरूडच्या त्यांच्या दिवाणखान्यात सहा रविवार हा प्रयोग चालला. केतकी खेळायची, मामा वही घेऊन खुर्चीत, मामी मध्यंतराचा चहा करणार आणि मी फुकटा प्रेक्षक. नायक दरीत पडून पुन्हा उभा राहिला की मामा कडाडायचे, "दिग्दर्शकाला एकदा काय ते ठरवू दे. मेला की नाही?"

शेवटच्या रविवारी केतकीनं भीत भीत विचारलं, "बाबा, आज शेवटपर्यंत बसाल? शेवटी नावं येतात."

"तत्त्व म्हणजे तत्त्व," मामा म्हणाले आणि नायकानं नगराचं दार उघडताच उठलेसुद्धा. एक चप्पल पायात, एक हातात, एवढ्यात पडद्यावर नावं सुरू झाली. मामा दारातच वळले. चष्मा चढवला. शेकडो नावं होती. मामींनी "अहो, बसून तरी वाचा" म्हटलं, तर त्यांनी हातातली चप्पल उंचावून त्यांना गप्प केलं. बऱ्याच वेळानं, बारीक अक्षरांत, केतकीचं नाव आलं आणि वर निघून गेलं. मामांनी दुसरी चप्पल घातली आणि ते खाली गेले.

घरातल्या घरात समीक्षा देत नसतात, म्हणून कार्ड रीतसर टपालानं आलं. चौथ्या दिवशी, त्याच घरात. 'दुसरा भाग. कथा सामान्य. नायक फार पडतो. भिंतींची ओल खरी आहे. हात लावून पाहावंसं वाटलं.' केतकी ते हातात घेऊन जिन्यातच बसली होती, असं मामी सांगतात.

पुढच्याच वर्षी ती कॅनडात गेली, त्याच गेमच्या मूळ कंपनीत. जाताना कार्ड घेऊन गेली, गेम खेळायचं यंत्र इथे ठेवून गेली. आता तिसरा भाग आला आहे. मामांचा फोन आला, "जावईबापू, आपल्याला वेळ असतोच. या." त्यामुळे हल्ली रविवारी मी खेळतो. माझा नायक पहिल्याच भिंतीवरून इतक्यांदा पडला, की त्याची मलाच दया येते. केतकी फोनवर म्हणाली, "बाबा, नुसती नावं इंटरनेटवर पाहता येतात, पाठवू?" मामा म्हणाले, "नाटक न बघता पडदा पडताना आत शिरणारा मी नव्हे."

माझ्या वेगानं नावं यायला दिवाळी उजाडेल. पण मामा कुरकुरत नाहीत. गेल्या रविवारी एकदाचा मी एका जुन्या देवळाच्या आवारात शिरलो. मामा उठले. मला वाटलं, निघाले चपलांकडे. ते टीव्हीपाशी गेले, पडद्यावरच्या हिरव्या-काळ्या भिंतीवर तळवा टेकवला आणि पाठमोरेच म्हणाले, "ही तिचीच. जावईबापू, घाई नाही. जरा इथेच थांबा."

मी थांबलो. मामी चहा घेऊन आल्या, त्याही थांबल्या.