त्यांनी न वाचलेल्या चाळीस ओळी

लॅपटॉपवर प्रोग्रामचा कोड उघडला की काका आधी पिशवीतून स्टीलची पट्टी काढायचे. शाळेतली, फूटभर लांबीची. ती पहिल्या ओळीखाली टेकवायची, ओळ वाचायची, मग पट्टी एक ओळ खाली. त्या पट्टीने पडद्यावर बारीक चरे पडले होते. समोरचा माणूस घाईने तडफडत असला तरी पट्टीचा वेग वाढत नसे. आणि आपण काही दाखवायला नेलं, की पट्टीला हात लावण्याआधी एकच प्रश्न यायचा, "तुमी वाचलं का?"

मला या प्रश्नाचा राग यायचा. मी सेलूत जिनिंगवाल्यांना आणि आडत्यांना वजनकाट्याचे संगणक बसवून देतो. बारावी नापास. दुसऱ्याच्या दुकानात वायर ओढत हे काम शिकलो, कोणी बोट धरून शिकवलं नाही. गिऱ्हाइकाशी तासभर घासाघीस करणं हा माझा धंदा, आणि खरं सांगायचं तर करमणूकही. मला परीक्षेला बसवणारे हे कोण, असं वाटायचं.

तर हे येलदरीला धरणावर नोकरी करून निवृत्त झालेले. आयुष्यभर त्यांनी दर तासाला मीटरसमोर उभं राहून आकडा वहीत लिहिला. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एकही आकडा लिहिला नाही, असं त्यांचे सोबती सांगतात. त्या नोकरीतच ते आपले आपणच प्रोग्राम लिहायला शिकले. त्यांचा प्रोग्राम छोटासा होता. यंत्रावरचा आकडा वायरमधून संगणकात आणून द्यायचा, एवढंच त्याचं काम. तो त्यांनी इंटरनेटवर मोकळा ठेवला. कोणीही घ्या, वापरा, सुधारा, आणि सुधारलेलं आम्हालाही पाठवा. याला ओपन सोर्स म्हणतात. बदल कोणीही पाठवू शकतो, पण तो घ्यायचा की नाही हे प्रोग्राम सांभाळणारा ठरवतो. त्याने घेतला की तो जगभर सगळ्यांकडे जातो.

माझे सगळे काटे त्यांच्या प्रोग्रामवर चालायचे. मी त्यांच्या मागे लागलो, "काका, विका हे. गिऱ्हाईक मी आणतो."

"शेठ, तुमचा काटा चालतो ना याच्यावर?"

"चालतो की. पण जालन्याच्या त्या माणसाचाबी चालतो! माझंच गिऱ्हाईक फोडायलाय तो."

"चालू द्या. त्याच्या काट्यावरबी वजन बरोबर येईल. वाईट काय हाय त्याच्यात?"

अशा माणसाशी घासाघीस करायची कशी? तुम्हीही असा एखादा पाहिला असेल. त्याला काही नकोच असतं, त्यामुळे तो हरतच नाही.

परदेशातल्या एका चीज बनवणाऱ्याने एकदा दोन ओळींचा बदल पाठवला. काकांनी त्याच्याशी तीन आठवडे चर्चा केली. दोन ओळींवर! शेवटी त्या माणसाने खूश होऊन काट्यावर ठेवलेल्या चीजचा फोटो पाठवला. काकू चष्मा लावून बघत म्हणाल्या, "एवढा मोठा साबन? कुठल्या कंपनीचा ओ?" काका पोट धरून हसले. त्यांना इतकं हसताना मी तेवढंच पाहिलं.

अलीकडे एआयने लिहिलेले बदल ढिगाने यायला लागले होते. पाठवणाऱ्याला स्वतःला त्यातलं काही कळत नसायचं, पण सोबतची भाषा मात्र सत्काराच्या भाषणासारखी. काका तेही ओळ न ओळ वाचायचे. मी म्हणालो, "यंत्रानं लिहिलेलं काय वाचत बसलाव?" ते म्हणाले, "मानसानं लिहिलेलं त्यानं एकदा तरी वाचलेलं असतंय. हे तर कुणीच न्हाई वाचलं आजून."

पुढे त्यांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा परभणीला डायलिसिस. एसटीने जायचे, मांडीवर लॅपटॉपची पिशवी घेऊन. बोटं सुजली होती.

कापसाचा हंगाम सुरू होत होता. सेलूतल्या एका जिनिंगने वजनकाट्याला नवीन मॉडेलचं यंत्र घेतलं आणि काकांच्या प्रोग्रामला ते ओळखता येईना. मला दुसऱ्या दिवशी सकाळीच काटा सुरू करून द्यायचा होता. मी एआयला अडचण सांगितली. मिनिटभरात चाळीस ओळी आल्या. दुकानात टेबलावर यंत्र जोडून, छोट्या काट्यावर वजनाचं माप ठेवून बघितलं. आकडा बरोबर आला. काकांनी घेतल्याशिवाय बदल काट्यावर येत नसे, म्हणून तो त्यांना पाठवून दिला आणि परभणीची गाडी पकडली.

काका खाटेवर होते. उजव्या हातात नळ्या.

"काका, तेवढं घेऊन टाका."

"पट्टी पिशवीत हाय. पन हात गुंतलाय. उद्या बसतो निवांत."

"उद्या कसं जमंल? चाळीस ओळी हायेत काका, चाळीस! पोथी न्हाई."

"तुमी वाचलं का?"

"वाचलं की."

"समदं?"

"आता लेकराच्या डोक्यावर हात ठेवू का?" मी ओरडलोच. नर्सने वळून पाहिलं.

काकांनी पट्टीच्या पिशवीकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "तुमी लय भांडता शेठ. पन आजवर माझ्याशी खोटं न्हाई बोललात." डाव्या हाताने त्यांनी फोन उचलला आणि बटण दाबलं.

मी वाचलं नव्हतं. वाचलं असतं तर त्यातल्या दहा ओळी कळल्या असत्या.

टेबलावरचं माप हलत नाही. ट्रॅक्टर काट्यावर चढला की मात्र आकडा थोडा वेळ डोलत असतो. तो स्थिर झाला की यंत्र तशी खूण पाठवतं. त्या चाळीस ओळींनी खुणेची वाटच पाहिली नव्हती. तिसऱ्या दिवशी वालूरचा एक शेतकरी माझ्यासमोर उभा राहिला. तो गावातूनच वजन करून आला होता. "ओ शेठ, हा काटा हाय का लॉटरी? दीड क्विंटल कापूस वाटंत बकऱ्यानं खाल्ला का माझा?" मागच्या रांगेतले हसले. मग त्यांना कळलं की हसण्यासारखं काही नाही, आणि ते माझ्या अंगावर आले.

तो बदल तोवर जगभर गेला होता. मला नाव उच्चारता येणार नाही अशा गावांतून तक्रारी आल्या. काकांनी त्याच दिवशी बदल मागे घेतला आणि खाली सगळ्यांसाठी लिहिलं, "हा बदल मी न वाचता घेतला. चूक माझी आहे." बस. पाठवणाऱ्याने वाचलं म्हणून सांगितलं होतं, यातलं एक अक्षर नाही.

दोन आठवड्यांनी त्यांनी प्रोग्राम सांभाळणंच सोडलं. पोर्तुगालच्या एका बाईकडे सोपवलं. मी तडक येलदरी गाठली.

"तिला पाहिलंय का कधी?"

"न्हाई. नऊ वर्सं झाली, बदल पाठवायलीय."

"आन मी इथं तासाभराच्या वाटंवर हाय, तो दिसलो न्हाई?"

त्यांनी काकूंना चहा टाकायला सांगितलं.

"काका, शिव्या तरी द्या मला!"

"कशाला? बटन मी दाबलं, तुमी न्हाई. बसा, च्या घ्या."

माझा राग इथेच आहे, आणि तो मी सोडलेला नाही. मी आयुष्यभर भांडत आलो. समोरचा चार शब्द बोलतो, आपण बोलतो, आणि मोकळे होतो. या माणसाने मला तेवढंही दिलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी ते गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात त्यांच्या पुतण्याने, तो शिक्षक आहे, जगभरातून आलेले निरोप मराठीत करून वाचून दाखवले. एकाने लिहिलं होतं, "फार सज्जन माणूस. शेवटी आजारपणात कामातलं लक्ष उडालं होतं, पण ते कोणाचंही उडालं असतं." मंडपातल्या लोकांनी माना हलवल्या. काकूंनी मान खाली घातली. लक्ष उडालं होतं! त्यांचं!

मी घरी येऊन बसलो. त्यांच्या त्या दोन वाक्यांखाली लिहायचं ठरवलं. त्यांनी मला विचारलं होतं, मी खोटं सांगितलं, मी ओरडलो, म्हणून त्यांनी घेतलं. चार वाक्यं. इंग्रजी मोडकंतोडकं होतं, पण माझं होतं. पान उघडलं तर वर सूचना, की ही चर्चा बंद केली आहे, इथे आता कोणालाही लिहिता येणार नाही.

मी नवीन चर्चा उघडली. तासाभरात त्या बाईने तीही बंद केली. प्रोग्रामशी संबंध नाही म्हणे. मी तिला पत्र लिहिलं. उत्तर लगेच आलं, फार सभ्य. आम्ही इथे चूक कोणाची हे शोधत नाही, दुरुस्त झाली की पुढे जातो, तुम्हीही मनाला लावून घेऊ नका. मी आणखी चार पत्रं लिहिली. एक वाक्य घ्या म्हणालो. अर्धं घ्या म्हणालो. कसलंही चिवट गिऱ्हाईक शेवटी थोडं तरी सरकतं. ती सरकली नाही.

दुकान उघडलं की मी अजून ते पान उघडून बघतो. त्यांचं नाव, त्याखाली ती दोन वाक्यं. आणि लिहायचा चौकोन असायला हवा, तिथे कुलपाचं एक छोटं चित्र.