इंजिनांत चिप बसवली ते वर्ष

आमचे हे दातांचे डॉक्टर. परतूरला स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर खाली दवाखाना आणि वर आमचं घर. घराच्या मागच्या खोलीत एका मोठ्या प्लायवूडच्या फळीवर यांची आगगाडी पळायची. रूळ इतके अरुंद की दोन रुळांमध्ये माझी करंगळीसुद्धा कशीबशी बसे. इंजिन बोटाएवढं, डबे त्याहून थोडे मोठे. बोगदा यांनी दात बसवायच्या प्लास्टरचा केला होता आणि तो अगदी खऱ्यासारखा दिसायचा.

पहिली गाडी माझ्या भावानं आणली होती. तो जर्मनीत इंजिनीअर होता आणि आमची मुलगी पहिल्यांदा पाहायला आला तेव्हा तिच्यासाठी खोका घेऊन आल्ता. मुलीनं त्या खोक्याचं झाकण चावलं आणि सोडून दिलं. यांनी मात्र तो सोडला नाही. पुढं भाऊ दर फेरीला एखादं इंजिन, रुळाचे चार तुकडे आणत गेला. परतूर स्टेशनच्या छोट्या लाईनची मोठी लाईन झाली, मुलगी पुण्याला हॉस्टेलला गेली, पण मागच्या खोलीतली गाडी चालूच राहिली.

यांची एकच तक्रार असायची. जुन्या पद्धतीत एक डबी आणि तिच्यावर एक बटण. ते जितकं फिरवाल तितका करंट रुळात, आणि तितका गाडीचा वेग. पण रुळावर दोन इंजिनं ठेवली तर दोन्ही एकदमच निघायची, एकदमच थांबायची. एकीला स्टेशनात उभी करून दुसरीला पुढं काढून द्यायची, हे आपल्या परतूर स्टेशनवर रोज होतं. यांच्या फळीवर ते जमत नव्हतं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. भाऊ आला आणि त्यानं नवा खोका उघडला. म्हणाला, आता सगळं डिजिटल करा. रुळात करंट कायम सारखा राहणार. प्रत्येक इंजिनाच्या पोटात नखाएवढी चिप, प्रत्येक चिपला तिचा नंबर. हातातल्या यंत्रावर नंबर दाबायचा, की तेवढंच इंजिन ऐकणार. अडचण एकच होती. आमची इंजिनं जुनी. त्यांची मोटर धातूच्या सांगाड्याला चिकटलेली असायची. तो संपर्क पुरता तोडून, मध्ये चिकटपट्टी लावून, चिपच्या केसासारख्या तारा मोटरला जोडायच्या. कुठं एक ठिपका जरी चिकटलेला राहिला तर चिप जळणार.

"अगं, रूट कॅनालपेक्षा सोप्पंय हे," हे मला म्हणाले.

आणि पहिलं इंजिन खरंच सोपं गेलं. दवाखान्यातलं भिंग डोळ्याला, दवाखान्यातलाच चिमटा हातात, सोल्डरिंग गननं तारेला डाख. इंजिन रुळावर ठेवलं, नंबर दाबला आणि ते हळूच निघालं. इतकं हळू की चाकाच्या आऱ्या मोजता याव्यात. भाऊ खुशीत परत गेला.

दुसऱ्या इंजिनाच्या वेळी मी स्वयंपाकघरात होते. रविवारची दुपार, वरणाला फोडणी द्यायची होती. एकाएकी जळका वास आला. कढई बघितली, गॅस बघितला. वास मागच्या खोलीतून येत होता. जाऊन बघते तर इंजिनाच्या पोटातून धुराची बारीक रेघ वर निघालेली, आणि हे तिच्यावर वाकून बसलेले. नाकापासून धूर वीतभरसुद्धा लांब नव्हता. हे नंबर परत परत दाबत होते.

"अहो, जळून राह्यलंय की ते!"

"काय?"

"वास येत न्हाई का तुम्हाला?"

"कसला वास?"

मीच जाऊन बटण बंद केलं. यांनी इंजिन उघडलं. चिपवर तपकिरी फोड आला होता. यांना चिपचं वाईट वाटलं. मी यांच्या तोंडाकडं बघत राहिले.

"सर्दी झाली असंल," हे म्हणाले.

सर्दी नव्हती. कित्येक महिन्यांत नव्हती.

त्या दिवशी संध्याकाळी मी खाली दवाखान्यात गेले. लवंगतेलाची बाटली उघडली. हे त्या तेलवाल्याशी बरेच दिवस भांडत होते, की तेलात भेसळ आहे, पूर्वीसारखा वास राहिला नाही, बिलकुल पाणी देतोस. मी बाटली नाकाशी नेली आणि डोळ्यांतून पाणी आलं. तेल बराबर होतं. मी बूच लावलं आणि वर आले. कुणाला काय सांगायचं, मलाच कळत नव्हतं.

एकदा बघायला लागलं की बरंच काही दिसतं. मुलीला आणायला आम्ही स्टेशनवर चालत निघालो तेव्हा मी दोन पावलं मागं होते. यांचा डावा हात चालीबरोबर पुढं-मागं होत होता. उजवा नुसता लोंबत होता, पिशवी धरल्यासारखा. हातात पिशवी नव्हती. सदऱ्याच्या गुंड्या लावायला यांना आता वेळ लागायचा. जेवताना माझं ताट रिकामं व्हायचं आणि यांची भाकरी निम्मी राहिलेली असायची.

दवाखान्यातही बदल होत होता. दाढ काढायचा पेशंट आला की हे म्हणू लागले, जालन्याला दाखवा. कुंभार पिंपळगावहून, यांच्या गावाकडून, एक म्हातारे गाल सुजवून आले होते. त्यांनी हात जोडले. "डॉक्टर, जालना आम्हाला ठाव हाय. आमी तुमच्यासाठी आल्तो." यांनी त्यांना गोळ्या दिल्या आणि जालन्यालाच पाठवलं. मी जिन्यातून ऐकत होते.

इंजिनाचं काम मात्र थांबलं नाही. मी अधूनमधून दारात उभी राहून यांचा हात बघायची. गन धरली की हात बिलकुल हलत नसे. त्यानं मला धीर यायचा. मग हे गन खाली ठेवायचे, हात मांडीवर टेकवायचे आणि अंगठा तर्जनीवर घासायला लागायचा, आपोआप, एकसारखा. जपमाळ ओढावी तसा.

"काय जपून राह्यला?" मी एकदा हसत विचारलं.

यांनी स्वतःच्या हाताकडं बघितलं, दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसं. मग तो खिशात घातला.

तिसरं इंजिन चालू झालं. भावानं फोनवर एक गोष्ट बजावून सांगितली होती. चिपमध्ये एक सेटिंग असते, तिच्यामुळं इंजिन जुन्या करंटवरही चालतं. ती आठवणीनं बंद करा, नाहीतर लाईट जाऊन आली की चिपचा घोटाळा होईल आणि इंजिन स्वतःच सुसाट सुटेल. पहिल्या इंजिनात यांनी ती बंद केली होती. तिसऱ्यात विसरले. पेशंटचा कोणता दात दहा वर्षांपूर्वी भरला ते सांगणारा माणूस विसरला.

उन्हाळा होता. दुपारी लोडशेडिंग असायचं. पंखा बंद, खिडकी उघडी, इंजिन फळीच्या बाहेरच्या गोलावर उभं. हे स्टुलावर बसलेले. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात आले, आणि लाईट आली. आधी पंखा करकरला. मग कुणी काही दाबलेलं नसताना ते इंजिन निघालं. निघालं म्हणजे सुटलंच. एवढ्या जोरात ते कधी पळालं नव्हतं. बंद करायचं लाल बटण यांच्यासमोर होतं, हात लांब केला की पोचेल इतकं जवळ. मला वाटलं, आता दाबतील. इंजिन बोगद्यातून बाहेर आलं, पुन्हा वळलं. हे त्याच्याकडंच बघत होते. खिडकीजवळच्या वळणावर ते रूळ सोडून फळीच्या बाहेर गेलं आणि शहाबादी फरशीवर आपटलं.

पंख्याचा तेवढा आवाज राहिला.

"मी हात उचलला होता," हे म्हणाले.

यांचा हात गुडघ्यावर होता. मी सगळा वेळ त्याच हाताकडं बघत होते. तो हलला नव्हता.

"चला, औरंगाबादला जाऊन येऊ," मी म्हणाले.

"कशाला?"

मी फरशीवरचं इंजिन उचलून फळीवर ठेवलं. यांनी पुन्हा विचारलं नाही. तेव्हा मला कळलं की हे माझ्या आधीपासून भीत होते.

औरंगाबादच्या मेंदूच्या डॉक्टरांनी यांना व्हरांड्यात चालायला लावलं. अंगठ्यावर तर्जनी भराभर आपटायला सांगितलं. डाव्या हातानं झालं, उजव्यानं चार वेळा झालं आणि मग बोटं विझत गेली. मग त्यांनी विचारलं, "वास येतो का सगळ्याचा?"

"येतो की," हे म्हणाले आणि माझ्याकडं बघितलं.

"येत न्हाई," मी म्हणाले. परक्या माणसासमोर मी यांचं बोलणं पहिल्यांदाच खोडलं.

डॉक्टरांनी कंपवात हा शब्द उच्चारला. डॉक्टरांनीच डॉक्टरांना सांगायचं म्हणून ते फार सांभाळून बोलले. गोळ्यांनी बरीच वर्षं नीट जातील म्हणाले. मग म्हणाले, "एका बाजूनं सुरू होतं. दुसऱ्या बाजूला नंतर जातं. कधी, ते कुणालाच सांगता येत नाही."

परतीच्या गाडीत हे खिडकीबाहेर बघत होते. जालना गेल्यावर म्हणाले, "दवाखाना बंद करू. कुणाची जीभ कापली गेली तर?" मी हो म्हणाले. गाडी बरीच पुढं गेल्यावर पुन्हा बोलले, "पण दोन इंजिनं राह्यलीत."

ती दोन मी केली. यांनी शेजारी बसून शिकवलं. "टोक तापू दे आधी. जल्दी करू नको. आता तार टेकव. आता श्वास सोड." माझी पहिली चिप जळाली. या वेळी वास मला बराबर वेळेवर आला, आणि हे हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. गोळ्या लागू पडल्या होत्या, अंगठा पुष्कळदा शांत असायचा. खालचा दवाखाना एका तरुण डॉक्टरला दिला. दुपारी खालून ड्रिलचा आवाज आला की हे बोलता बोलता थांबायचे, आणि आवाज बंद झाला की वाक्य पुढं न्यायचे.

दिवाळीला मुलगी आली. आम्ही तिला मागच्या खोलीत नेलं. एक गाडी स्टेशनात उभी राहिली, दुसरी तिच्या शेजारून निघून गेली. मुलीनं टाळ्या वाजवल्या. मग स्वयंपाकघरात येऊन तिनं दार लोटलं.

"आई, बाबांचा हात कधीपासून असा आहे?"

मी तिला सगळं सांगितलं. ती ओट्याला टेकून उभी राहिली. "अन् डावा?" तिनं विचारलं.

"डावा चांगलाय," मी म्हणाले.

तोवर यांनी सगळं डाव्या हातावर आणलं होतं. दाढी, गुंड्या, चहा. सकाळी मी यांच्यासमोर कपबशी ठेवायची आणि काहीतरी निमित्त काढून तिथंच थांबायची. हे डाव्या हातानं बशी उचलायचे आणि मी तिच्याकडं बघायची. कित्येक सकाळी काही झालं नाही. मुलगी परत गेली, थंडी सरली, आणि फाल्गुनात एका सकाळी कप बशीवर किणकिणला. फार बारीक आवाज होता तो. यांनी बशी खाली टेकवली.

"नळाला पाणी आलं का गं?" यांनी विचारलं.

"बघते," मी म्हणाले आणि उठले.