अकरा तऱ्हेचे फोन आणि वेल्ह्याची गाडी

समीना भोरची. वडील याकूबभाई एसटी स्टँडसमोर घड्याळं दुरुस्त करायचे. डिप्लोमा करून २००६ साली ती पुण्यात मोबाईलचे गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत लागली. गेम एकदा बनवायचा आणि मग प्रत्येक फोनसाठी पुन्हा बदलायचा. एकाचा पडदा उभा, दुसऱ्याचा चौकोनी, तिसऱ्याची बटणंच वेगळी.

एक दिवस तिने साहेबांना सुचवलं, भोर-वेल्ह्याच्या एसटीचं वेळापत्रक फोनवर देऊ, मराठीतून.

"मराठी निम्म्या फोनांवर उमटत नाही," साहेब म्हणाले. "आणि गावाकडं फोन घेतात ते बोलायला. इंग्रजीत कर, दोन महागड्या फोनांपुरतं."

"पण ते फोन एसटीने जाणाऱ्यांकडे नसतातच, सर!"

"तुला नोकरी करायचीय की समाजसेवा?"

त्याच आठवड्यात समीनाने राजीनामा दिला. आईने आठ दिवस घर डोक्यावर घेतलं. याकूबभाईंनी मात्र दुकानातलं अर्धं टेबल रिकामं करून दिलं. "लोक हसतील, बरं का," एवढंच म्हणाले.

"हसू द्या, अब्बा."

पहिलं वेळापत्रक तिने उत्रोलीच्या कमळाबाईंच्या फोनात घातलं. त्यांची लेक वेल्ह्याला दिलेली.

"आगं, नुस्तं चौकोन दिसत्यात," कमळाबाई म्हणाल्या. "चौकोन बघून म्या गाडी कशी धरू?"

समीनाला ते लागलं. मग ठरवलं, फोनला अक्षरं येत नसतील तर अक्षरं पाठवायचीच नाहीत. नसरापूर, आंबवणे, मार्गासनी, एकेका गावाचं नाव तिने ठिपक्याठिपक्याने चित्र म्हणून काढलं. चित्रांनी फाईल जड झाली, स्वस्त फोन ती घेईनात. तिने रंग काढून टाकले, वर हौसेने काढलेली लाल गाडीही पुसली. स्टँडवर ओळखीपाळखीच्यांकडून पंधरा मिनिटांसाठी फोन मागून बघायची. निम्मे अडकायचे, दोघांनी तर शिव्या घातल्या.

कंडक्टर सोनबा म्हणाले, "बायांना चार इंग्लिश अक्षरं शिकीव की. सोपं पडंल."

"शिकतील तवा शिकतील, सोनबाकाका. गाडी आज धरायचीय."

वर्षभरात अकरा तऱ्हेच्या फोनांसाठी अकरा वेळापत्रकं झाली. कमळाबाईंनी पडद्यावर बोट ठेवून मोठ्याने वाचलं, "वेल्हे. दोन वाजता." आणि पिशवी उचलून फलाटाकडे निघाल्याच. मग दुकानासमोर फोन हातात धरून माणसं उभी राहू लागली.

साहेबांचा फोन आला. "आम्ही विकत घेतो. फक्त ते स्वस्त फोन वगळू."

"मग देणार नाही," समीना म्हणाली.

दोनेक वर्षांनी बोटाने चालणारे फोन आले. त्यांवर तिच्या अकरातलं एकही चालेना.

"गेली ना म्हेनत वाया?" कुणीतरी विचारलं.

"इतके दिवस लोकांनी गाडी धरली, ती वाया?" समीना म्हणाली आणि समोरच्याच्या हातातला नवा फोन मागून घेतला. "द्या हिकडं. पंधरा मिनिटांत देते."