दाब आणि झीज

माणूस पारखायला जन्म पुरत नाही, नाणं पारखायला एक दिवा पुरतो, असं भिंगराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. भिंगराव हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. भिंग लावून लावून उजव्या भुवईखाली एक गोल वळ उठला होता, त्यावरून गल्लीने दिलेलं. बत्तीस वर्षं त्यांनी छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवले. उलटी अक्षरं सुलटी वाचण्यात उमेदीची वर्षं गेली. मग यंत्रं बदलली, खिळे भंगारात गेले, आणि भिंगरावांनी छंदाचाच धंदा केला. जुन्या नाण्याची प्रत, म्हणजे ते किती वापरलेलं नि किती शाबूत, ते ठरवायचं आणि एका कार्डावर लिहून द्यायची.

घड्याळजीच्या दुकानामागे त्यांची खोली होती. एक खिडकी, एक टेबल, टेबलावर जाड हिरवं कापड, म्हणजे हातून सुटलंच तर नाणं आपटू नये. बाजूला मान वळणारा दिवा, त्यात साधा पिवळा बल्ब. लोक घासूनपुसून लख्ख केलेली नाणी मोठ्या हौसेने आणत. भिंगराव एकेक नाणं काठाला धरून एकदा फिरवत आणि म्हणत, हे आता नाणं राहिलं नाही, चमचा झाला. ज्याला राग यायचा त्याला येई. एकदा लिहिलेलं कार्ड त्यांनी कधी बदललं नव्हतं, आणि हे ते स्वतःच चारचौघांत सांगत.

पण एका कार्डाने त्यांच्या घरात विष कालवलं होतं.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. सासरे नुकतेच गेले होते. मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, पेशाने शिंपी. त्याच्या घरी सगळे जेवायला जमले असताना त्याने बापाची डबी उघडली. आत चांदीचं एक नाणं होतं, त्यावर मुकुटातला राजा. सासरे म्हणायचे, नवं कोरं मिळालं त्या दिवसापासून हे कापडात आहे. ना बाजार पाहिला, ना खिसा. मेहुण्याने मोठ्या अभिमानाने ते भिंगरावांच्या हाती दिलं. भिंगरावांनी छताच्या ट्यूबलाइटखाली ते अर्धा मिनिट पाहिलं. राजाच्या कानावरचे केस सपाट होते. दहा माणसांसमोर ते म्हणाले, हे बाजारात भरपूर फिरलेलं आहे. वर खिशातलं कार्ड काढून तसं लिहूनही दिलं.

मेहुणा ताटावरून उठला. "दाजी, माझ्या बापाला खोटं पाडून माझं अन्न गोड लागत असेल तर जेवा. नाहीतर शब्द मागे घ्याल तेव्हाच या."

भिंगरावांनी शब्द मागे घेतला नाही. बायकोने भावाची बाजू घेतली नाही की नवऱ्याची. तिचं माहेर तेवढं तुटलं. तिचे कपडे लहानपणापासून भाऊच शिवायचा, कारण तिचा डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली होता आणि ते माप त्याला डोळे मिटून ठाऊक होतं. आता दुसरीकडे शिवलेला प्रत्येक कपडा खांद्यात ओढायचा. सकाळी ती नुसता खांदा झटकायची, आणि भिंगराव वर्तमानपत्र उंच धरायचे.

अशात एका दुपारी पंचविशीची एक मुलगी खोलीत आली आणि हिरव्या कापडावर डबी ठेवून उभी राहिली. भिंगरावांनी माणूस ओळखला नाही, डबी ओळखली. मग वर पाहिलं, तर मेहुण्याची थोरली.

"आतोबा, बाबांना ठाऊक नाही मी आलेय," ती म्हणाली. बाबा अलीकडे रोज डबी उघडतात, नाणं बघतात, कुणाशी न बोलता मिटतात. त्यांची तब्येत आता पूर्वीची नाही. आजोबा खोटं बोलले असतील तरी चालेल, पण एकदा नीट पाहून सांगा, एवढंच तिचं मागणं होतं. डबीत ते जुनं कार्डही होतं. अक्षर भिंगरावांचंच, तिरकं आणि ठाम.

त्यांनी तिला स्टूल दिलं, दिवा ओढला आणि नाणं काठाला धरून उजेडाखाली हळू कलतं केलं. न वापरलेल्या नाण्यावर उजेडाचा एक पट्टा असतो. नाणं कलेल तसा तो चाकाच्या आऱ्यासारखा फिरतो. नाणं वापरलेलं असेल तर उंच जागी, गालावर, कानावर, तो पट्टा तुटतो. तिथे चांदी राखी, मेलेली दिसते.

पट्टा राजाच्या मुकुटावरून गालावर आला. गालावरून कानाशी आला. आणि सपाट केसांवरून, न तुटता, पाण्यासारखा पलीकडे गेला.

भिंगरावांनी भिंग काढलं, पुसलं, पुन्हा लावलं. नाणं उलटलं. मागच्या बाजूला, बरोबर कानाच्या पाठीशी, नक्षीची पानंही तशीच बोथट होती, आणि तिथेही चकाकी शाबूत. म्हणजे झीज नव्हतीच. नाणं घडलं तेव्हाच दाब कमी पडला होता. केस झिजले नव्हते, ते कधी उठलेच नव्हते.

बत्तीस वर्षं छापखान्यात काढलेला हा माणूस. अक्षर पुसट उमटलं तर खिळा झिजला की दाब कमी पडला, हे पोरवयात शिकलेला. नाण्याची चकाकी ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात दिसत नाही, हे त्या जेवणानंतर दोन वर्षांनी त्यांना उमगलं होतं. तेव्हाच त्यांनी खोलीतली ट्यूब काढून टाकली होती. पण तिच्याखाली पाहिलेलं एक नाणं पुन्हा पाहायला हवं, हे मनात येऊनही त्यांनी येऊ दिलं नव्हतं.

मुलगी तोंडाकडे बघत होती. नवं कार्ड लिहून तिच्या हाती देता आलं असतं, जुनं खिशात घालता आलं असतं. चूक कुणाची, कुणी विचारलंही नसतं. भिंगरावांनी टोपण न काढलेलं पेन खाली ठेवलं.

"हे तुझ्या हाती देण्यासारखं नाही. मीच येतो."

घरी जाऊन त्यांनी बायकोला सांगितलं, चप्पल घाल, तुझ्या भावाकडे जायचंय. तिने आधी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. मग कारण ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "दिवा घ्या बरोबर. तुमच्या डोळ्यांचा आता मला भरवसा नाही."

ऊन उतरणीला लागलं होतं. दुकानात मेहुणा यंत्रावर वाकलेला, तोंडात टाचण्या. दारात बहीण आणि दाजी पाहून त्याने एकेक टाचणी काढून टाचण्यांच्या गादीला टोचली. घाई केली नाही. भिंगरावांनी कापडाच्या ताग्याशेजारी ती डबी आणि दिवा ठेवला, वायर जोडली आणि कपाळावरचा घाम न पुसता बोलले.

"तुझे वडील खरं बोलत होते. नाणं फिरलेलं नाही. मी चुकलो."

पायट्यावरचा मेहुण्याचा पाय उगीचच हलला आणि यंत्राचं चाक फिरलं. मेहुण्याने ते हाताने थांबवलं.

"अकरा वर्षं लागली, दाजी."

"ट्यूबलाइट होती."

"छताला की डोक्यात?"

बायको फिस्सकन हसली. भिंगराव म्हणाले, दोन्हीकडे. मग त्यांनी मेहुण्याच्या डोळ्याला भिंग लावलं, नाणं काठाला कसं धरायचं ते दाखवलं आणि उजेडाचा पट्टा कानावरून कसा पार होतो ते पाहायला लावलं. शिंप्याची बोटं, सुईत दोरा ओवणारी. पहिल्याच खेपेला जमलं. तो किती वेळ नाणं कलतं करत बसला कोण जाणे.

"मग सगळ्यात वरची प्रत?" त्याने भिंगातूनच विचारलं.

इथे हो म्हटलं असतं तर गोड झालं असतं. पण भिंगराव ते भिंगरावच. नाही, म्हणाले, एक पायरी खाली. काठाशी अंगठ्याचा ठसा आहे, चांदीत उतरलेला. चांदी काळवंडली तसा तोही काळवंडला. फार जुना.

"कुणाचा?"

"माझा नाही. मी काठाला धरतो. कुणाचा ते नाणं सांगत नाही."

मेहुण्याने ठसा पाहिला, मग स्वतःचा अंगठा पाहिला. पुसता येतो का, विचारलं. येतो, भिंगराव म्हणाले, पण मग चमचा होईल. राहू द्या, मेहुणा म्हणाला, पायरी खालीच बरी.

भिंगरावांनी जुनं कार्ड फाडलं नाही. त्यावरची ओळ एका रेघेने खोडली, खाली नवी लिहिली, आणि दोन्हींखाली सही केली. मेहुण्याने ते नाण्याबरोबर डबीत ठेवलं. मग बहिणीकडे प्रथमच नीट वळून बघताना त्याच्या कपाळाला आठी पडली.

"ताई, हा खांदा कुठल्या गवंड्याने शिवलाय? सरळ उभी राहा."

गळ्यातली टेप काढून त्याने तिच्या डाव्या खांद्याला लावली, आणि आकडा न बघताच बोटभर खाली खडूने खूण केली.