गजाला खोबरेल

मुरबाडच्या माझ्या व्हायोलिनच्या मास्तरांनी आणि काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मला सांभाळून घेतलं, हे आधी सांगते. नाहीतर मी तिथं टिकलेच नसते.

सातवीत शाळा सुटली. पुढं अठरा पूर्ण झाल्यावर लातूरकडून येऊन शहापूरजवळच्या आटगावला कारखान्यात लागले. नव्वदच्या दशकातली गोष्ट. रविवारी शहापूरहून जीपनं मुरबाड गाठायची. मास्तरांच्या घरी भातशेती, वडिलांचं भजनी मंडळ. तरुणपणी भाताची झोडणी आटोपली की मास्तर कल्याणला, कीर्तनात साथ करणाऱ्या एका बुवांकडे शिकायला जायचे. बुवांनी त्यांना वर्षभर नुसतं गायला लावलं. मास्तर आम्हाला वाद्य लगेच द्यायचे, पण प्रत्येक ओळ आधी गाऊन दाखवावी लागे. मी लाजून पुटपुटायची.

बुवांनी दिलेला, व्हायोलिन वाजवायचा जुना गज मास्तरांनी मला आठवडाभर सरावाला दिला. गजाला घोड्याचे केस असतात. मला ते कोरडे वाटले, वर पांढरी भुकटी. मी भुकटी पुसली आणि खोबरेल चोळलं. रविवारी गज तारांवरून नुसता घसरला. आवाजच नाही.

मास्तरांनी गजाचे केस हुंगले. "तेल लावलंस गो?"

"कोरडे पडले होते, मास्तर."

"मग वेणी पण घालायची!" काकू आतून म्हणाल्या. "गजरा मी दिला असता."

मला रडू फुटलं. गुरूची वस्तू नासवली; आता 'येऊ नको' म्हणणार, एवढंच डोक्यात.

"गळा काढतेच आहेस, तर सुरात काढ," मास्तर म्हणाले. "भुकटी राळेची असते. तिच्यानंच केस तार धरतात. तुला सांगितलं नाय, चूक माझी."

काकूंनी रिठे भिजवले. लाकडाला पाणी लागू न देता दोघांनी केस धुतले. पुढचे दोन रविवार मला गज नव्हताच. स्वर मोकळ्या गळ्यानं गायचा, मग तार बोटानं छेडत तोच शोधायचा. चुकलं की मास्तर फक्त पुन्हा गात.

तिसऱ्या रविवारी त्यांनी राळ लावून गज हातात दिला. आवाज घोगरा निघाला, पण सुरात.

"आता तुझी बोटं तुझं ऐकतात," मास्तर म्हणाले. "येत राहा."

आता त्यांचा हात थरथरतो, वाजवणं बंद आहे, असं काकू फोनवर सांगतात. मी कामासाठी लांब गेले, ती अजून लांबच. रजा मागायचीसुद्धा धास्ती वाटते. पण एक दिवस जाईन. मास्तर गातील, मी साथ करीन, ते थांबेपर्यंत. एवढं तरी मी फेडणारच.